लव्हाळा, लॉन आणि भिंतीवरची बुरशी: कुठल्या महिन्यात काय काढायचं

आम्ही तळेगावात जुनं बैठं घर घेतलं, तेव्हा खरेदीखतात न लिहिलेल्या तीन गोष्टी घराबरोबर आल्या. पुढच्या अंगणात लॉन, मागच्या वाफ्यांत लव्हाळा आणि उत्तरेच्या खोलीतल्या भिंतीवर काळपट बुरशी. पहिल्याच पावसाळ्यात मी पदर खोचून तिन्हींच्या मागे लागले. संध्याकाळी घमेलंभर लव्हाळा उपटायचा, रविवारी लॉनवर कुदळ चालवायची, रात्री भिंत पुसायची. गणपती आले तेव्हा लॉन आणि बुरशी जागच्या जागी होती आणि लव्हाळा दुप्पट झाला होता.

आमच्याकडे बागकामाला येणारे मामा हे सगळं आठवडाभर बघत होते. शेवटी त्यांना राहवेना. "ताई, तुम्ही वरची पानं तोडताय. कारखाना खाली चालू आहे," असं म्हणून त्यांनी खुरप्याच्या टोकाने एक गाठ उकरली आणि माझ्या तळहातावर ठेवली. हरभऱ्यापेक्षा जरा मोठी, काळपट तपकिरी, केसाळ. नखाने खरवडली तर आत पांढरी, आणि वास थेट दिवाळीच्या उटण्याचा. बरोबरच आहे, उटण्यात पडतो तो नागरमोथा म्हणजे हीच गाठ.

तण, लॉन आणि बुरशी ही वेगवेगळी कामं खरी, पण नवखा माणूस तिन्हींत एकाच ठिकाणी चुकतो. डोळ्यांना दिसतं तेवढंच काढतो, आणि दिसायला लागल्यावरच काढायला घेतो. दिसतं सगळं पावसाळ्यात. कामाचे दिवस असतात बहुतेक करून फेब्रुवारी ते मे. म्हणून पुढे जे लिहिते आहे ते महिन्यांच्या हिशेबाने वाचा.

आधी ओळख पटवा

खुरपं हातात घ्यायच्या आधी काय उपटतोय ते बघा, कारण एकाला लागू पडणारा उपाय दुसऱ्याला खतासारखा मानवतो.

लव्हाळ्याची काडी चिमटीत धरून फिरवली की तीन कडा बोटांना लागतात. गवताची काडी गोल किंवा चपटी असते. एवढी एक खूण पुरते. लव्हाळ्याचा जीव मातीखालच्या गाठींत असतो आणि त्या गाठी एकमेकींना दोऱ्यासारख्या मुळांनी जोडलेल्या असतात.

हरळी जमिनीवर सरपटते आणि पेरापेराला मूळ धरते. शिवाय मातीखाली तिच्या पांढऱ्या, टोकदार काशा पसरलेल्या असतात. काशीचा पेर असलेला बोटभर तुकडा राहिला तरी तिला पुरतो. हरळी म्हणजेच दुर्वा, हे सांगायला नकोच. मी एका वर्षी अंगण इतकं निगुतीनं साफ केलं की चतुर्थीच्या सकाळी एकवीस दुर्वांसाठी शेजारच्या काकूंच्या दारात उभी राहिले. आता एका जुन्या बादलीत थोडी मुद्दाम ठेवते. बादलीतच.

गाजर गवताची पानं गाजरासारखी आणि फुलं बारीक पांढरी. म्हणूनच खेड्यात त्याला चटक चांदणी म्हणतात. १९५०च्या दशकात पुण्यात त्याची नोंद झाली. अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर बी आलं असं मानतात, आणि काँग्रेस गवत हे नाव तेव्हापासून चिकटलं. याच्या मुळाशी कसलाही साठा नसतो. सगळी ताकद बियांत, एका झाडाला हजारोंनी बी धरतं. त्यामुळे याला मात्र पावसाळाच बरा. दोन पाऊस पडून माती मऊ झाली की, फुलं यायच्या आत, मुळासकट उपटा. सहज निघतं. हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच, कारण यानं अंगावर खाज सुटते, चट्टे उठतात, आणि दम्याच्या माणसाने तर याच्या जवळही जाऊ नये. फुलावर आलेलं असेल तर झटकू नका, उपटल्या उपटल्या गोणीत भरा. पानांवर फिकट पिवळट अंगाचे, काळपट रेघांचे छोटे भुंगे दिसले तर त्यांना हात लावू नका. हे गवत खायला म्हणून १९८३ साली ते मेक्सिकोहून आपल्याकडे मुद्दाम आणलेले आहेत.

बाकी टाकळा, घोळ, केना यांची काळजी फारशी करू नका. कोवळे आहेत तोवर भाजी करा. केन्याच्या पानांची भजी श्रावणात आमच्याकडे दोनदा तरी होतात. फक्त केना उपटून तिथेच टाकू नका, ओल्या मातीवर पडला की पेरातून परत रुजतो.

लव्हाळा: धीराचं काम

यावर सगळ्यात जास्त लिहिते आहे, कारण माझी सगळ्यात जास्त वर्षं यातच गेली.

नुसता ओढून उपटला तर तो का वाढतो, हे आधी समजून घ्या. गाठींच्या माळेत टोकाची गाठ उगवलेली असते आणि ती बाकीच्यांना झोपवून ठेवते. तुम्ही पात धरून हिसका दिला की धागा तुटतो, माळ सुटी होते आणि झोपलेल्या गाठी एकेक करून जाग्या होतात. माझा लव्हाळा दुप्पट झाला तो असा. रोटर किंवा छोटा नांगर फिरवून घेतला तरी हेच होतं, फक्त जास्त वेगाने आणि भाडं भरून.

पहिली पायरी एप्रिलची. वाफा रिकामा करा. काळी माती उन्हाने दगड झाली असेल तर एकदा पाणी द्या आणि वाफसा येईपर्यंत दोन-तीन दिवस थांबा. मूठभर माती दाबली तर गोळा व्हावा आणि बोटाने टोचला की भुगा व्हावा, तो वाफसा. चिखलात खणलं तर गाठी मातीत लपून राहतात, हाताला लागत नाहीत.

मग टिकावाने किंवा पहारीने वीतभर खोल खणा. बहुतेक गाठी वरच्या अर्ध्या फुटात असतात, थोड्या त्याच्या खाली. ढेकळं फोडू नका. उलटी करून तशीच उन्हात राहू द्या. आठ दिवसांनी ढेकूळ हातात घेऊन ठोकलं की माती झडते आणि गाठी धाग्यासकट सुट्या होतात. त्या वेचा. पाठ मोडते, हे आधीच सांगून ठेवते. पाट घेऊन बसा, आणि दहा बाय दहाच्या तुकड्याला दोन सकाळी धरा. हरळीच्या काशाही याच फेरीत निघतात.

वेचलेल्या गाठी पत्र्यावर किंवा गच्चीच्या फरशीवर पंधरा दिवस कडक उन्हात पसरा. मधूनमधून हलवा. एक गाठ फोडून बघा: आत पांढरी आणि रसरशीत असेल तर अजून जिवंत आहे. खतखड्ड्यात टाकू नका. मी टाकल्या होत्या. पुढच्या वर्षी ते खत मी मोठ्या कौतुकाने सगळ्या कुंड्यांना घातलं आणि ज्या कुंडीत आजवर लव्हाळा नव्हता तिथेही तो हिरवागार उगवला. वाळलेल्या गाठी कोरड्या गोणीत भरून कचऱ्यात द्या. जाळायला जाऊ नका, शहरात उघड्यावर कचरा जाळायला बंदी आहे.

दुसरी पायरी जूनपासून. पाऊस पडला की राहिलेल्या गाठी उगवतील, त्याने खचून जायचं नाही. आता नियम एकच: पाच-सहा पानं दिसली की काढायचं. त्या टप्प्यापर्यंत रोप गाठीतला साठा खाऊन वाढत असतं. त्यानंतर ते उलट खाली साठा पाठवायला लागतं आणि तीन-चार आठवड्यांत नव्या गाठी धरतात. म्हणजे फेरी दर बारा-पंधरा दिवसांनी. खुरपं रोपाच्या बाजूने सरळ खाली घाला, उचला, आणि गाठीसकट रोप वर घ्या. गाठ नाही आली तरी हरकत नाही. दर वेळी उगवायला तिला घरातलं धान्य खर्चावं लागतं, आणि कोठार कधीतरी रिकामं होतंच. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी 'ल' लिहून ठेवते. भाद्रपदात पाहुण्यांच्या गडबडीत एक फेरी चुकली की आधीच्या दोन फेऱ्या पाण्यात, हे लक्षात असू द्या.

तिसरी गोष्ट सावली. लव्हाळ्याला सावली सोसत नाही. खुरपणी चालू असतानाच त्या जागेत रताळ्याचे वेल लावा, नाहीतर चवळी किंवा ताग दाट पेरा. मी रताळी लावली. दोन महिन्यांत जमीन दिसेनाशी झाली आणि खाली आलेला लव्हाळा पिवळा, रोगट. त्या वर्षी एकादशीला रताळी विकत आणली नाहीत.

काळं प्लास्टिक किंवा पुठ्ठा अंथरून लव्हाळा मरेल अशी आशा ठेवू नका. त्याचा कोंब सुईसारखा टोकदार असतो, दोन्हींतून आरपार वर येतो. मी स्वतः काळ्या कागदावर हिरवे काटे उगवलेले पाहिलेत.

आणि तो येतो कुठून ते बघा. बहुतेक वेळा ट्रॉलीभर विकत घेतलेल्या मातीतून, शेणखतातून, नर्सरीतल्या कुंडीतून. नवीन माती आली की तिने एक कुंडी भरा, पाणी घाला आणि तीन आठवडे नुसती ठेवा. लव्हाळा असेल तर त्या कुंडीत दिसेल. तोवर बाकीचा ढीग तसाच राहू दे.

पहिल्या वर्षी निम्मा जाईल, पूर्ण सुटका व्हायला दोन-तीन वर्षं धरा.

फवारायचं का?

दुकानात गेलात की ग्लायफोसेट या तणनाशकाची बाटली पुढे येते. ते पानांतून मुळापर्यंत जातं, म्हणून लोकप्रिय. पण ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढून त्याचा वापर कीडनियंत्रणाचं अधिकृत काम करणाऱ्यांपुरता मर्यादित केला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली ते माणसात बहुधा कर्करोगकारक असल्याचं म्हटलं, आणि तेव्हापासून त्यावर वाद चालूच आहे. माझं मत विचाराल तर जिथे मुलं अनवाणी फिरतात, मांजर लोळते आणि कढीपत्त्याचं झाड चार फुटांवर आहे, तिथे फवारणीचा पंप आणूच नये. एवढ्याशा जागेला खुरपं पुरतं.

मीठ टाकायचा सल्लाही खूप जण देतात. तण जळतं, पण पुढे त्या मातीत तुळससुद्धा धरत नाही. स्वयंपाकाचं व्हिनेगर वरची पानं करपवतं, गाठीला काही होत नाही. फरश्यांच्या फटीतल्या बारीक गवताला मात्र उकळतं पाणी ओतणं हा झकास उपाय आहे. चपला घालून, हळू ओता.

लॉन काढायचं ठरवलंत तर

लॉन वाईट नाही. पण मार्चमध्ये टँकर मागवून गवताला पाणी पाजायची वेळ आली, किंवा कापायला माणूस मिळेना, की त्याचा कंटाळा येतो. आमच्याकडे दोन्ही झालं.

काढायच्या आधी तिथे पुढे काय येणार ते पक्कं करा. उघडी जमीन ठेवलीत तर आषाढात गाजर गवत आयतं येऊन बसेल. आणि नर्सरीवाला पिवळ्या फुलांची वेडेलिया 'पाणी लागत नाही, पटकन पसरते' म्हणून देईल, ती घेऊ नका. जगातल्या शंभर सर्वांत त्रासदायक आक्रमक जातींच्या यादीत ती आहे. पसरते हे खरंच सांगतो तो. घाणेरीसुद्धा इंग्रजांच्या काळात शोभेचं झुडूप म्हणूनच आली होती.

फेब्रुवारीत लॉनचं पाणी बंद करा. महिनाभरात विकत आणून लावलेलं मऊ गवत पिवळं पडतं. जे तरीही हिरवं राहील ते बघून ठेवा, ती हरळी आहे आणि खरं काम तिचंच आहे. त्या जागांवर चुन्याने खुणा करा.

एप्रिलमध्ये दोन वाटा आहेत. जागा छोटी असेल तर फावड्याने सालटं काढा. आदल्या दिवशी हलकं पाणी मारा, फावड्याने फूटभर चौकोन आखा आणि आडवं फावडं घालून दोन इंच जाडीचा थर उचला. लादीसारखा निघतो. गवताची बाजू खाली करून उन्हात रचून ठेवा. पावसाळ्यानंतर त्याची उत्तम माती होते. हरळीच्या खुणेवर मात्र दोन इंचांनी भागत नाही, तिथे लव्हाळ्यासारखं वीतभर खणून काशा वेचाव्या लागतात.

जागा मोठी असेल तर पुठ्ठा. फ्रिज, वॉशिंग मशीनचे मोठे खोके भंगारवाल्याकडे किलोवर मिळतात. चिकटपट्टी आणि पिना काढून टाका. गवत जमिनीलगत कापा, पुठ्ठे एकमेकांवर चांगले सहा इंच चढवून अंथरा, पाण्याने चिंब करा, आणि वर वीतभर पालापाचोळा. मेच्या शेवटी केलंत तर पाऊस बाकीचं काम करतो. दसऱ्याच्या सुमारास पुठ्ठा कुजलेला असतो आणि खाली गांडुळं.

परदेशातल्या व्हिडिओंमध्ये एक गोष्ट कुणी सांगत नाही: आपल्याकडे पुठ्ठा म्हणजे वाळवीला आमंत्रण. घराच्या भिंतीपासून, लाकडी चौकटीपासून तीन-चार फूट जागा मोकळी सोडा. दुसरं म्हणजे पालापाचोळ्यात हात घालण्याआधी काठीने चाळवा. कोकणात फुरसं आणि बाकी सगळीकडे विंचू यांना अशी जागा फार आवडते.

गवतापेक्षा मातीत पडलेल्या बियांचाच त्रास जास्त असेल तर मातीला ताप द्या. एप्रिल-मेमध्ये जमीन सपाट करून भरपूर पाणी द्या, वर पारदर्शक पातळ प्लास्टिक ताणून बसवा आणि कडा मातीत गाडा. चार ते सहा आठवडे हलवू नका. प्लास्टिक पारदर्शकच हवं, ऊन आत जाऊन मातीत अडकलं पाहिजे. गाजर गवताच्या वरच्या थरातल्या बियांना हे लागू पडतं. लव्हाळ्याच्या गाठी यातूनही बऱ्याच वाचतात.

शेवटी कडा. शेजारच्या प्लॉटातून हरळी कुंपणाखालून येते. कुंपणालगत वीतभर खोल चर घ्या आणि शहाबादी फरशीचे तुकडे उभे गाडा, जमिनीच्या वर दोन बोटं राहतील असे. तुकडे फरशीवाल्याकडे जवळपास फुकट मिळतात. वर्षातून दोनदा त्या कडेने नजर टाकली की झालं.

भिंतीवरची बुरशी

इथे गाठ नाही, काशी नाही. इथे पाणी आहे. पाणी कुठून येतं ते शोधल्याशिवाय पुसलेली बुरशी पंधरा दिवसांत परत येते.

पहिली पायरी: ती बुरशीच आहे ना? भिंतीवर पांढरी भुकटी फुटली असेल तर बहुधा खार आहे. त्यावर पाण्याचा थेंब सोडा, खार विरघळतो, बुरशी विरघळत नाही. काळे-हिरवे ठिपके, मखमलीसारखा थर आणि कुबट वास म्हणजे बुरशी. खार असला तरी खूश होऊ नका, भिंतीतून पाणी वाहतंय एवढं त्यानेही सांगितलं.

दुसरी पायरी: जागा बघा, जागा बोलते. जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत पट्टा असेल तर ओल खालून चढते आहे. छताच्या कोपऱ्यात असेल तर गच्ची. खिडकीखाली असेल तर बाहेर पाणी खिडकीच्या कट्ट्यावर साचतंय, उतार आत आहे. उन्हाळ्यातही ओलच असेल तर भिंतीतला नळ किंवा पलीकडचं बाथरूम. आणि फक्त कपाटामागे, पलंगाच्या डोक्याशी किंवा बाथरूमच्या छताला असेल तर बाहेरचं पाणी नसून आतली वाफ आहे.

खात्री करायची असेल तर पोळ्या गुंडाळायच्या फॉईलचा हातभर तुकडा भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दोन दिवसांनी काढा. मागच्या बाजूला पाणी असेल तर ओल भिंतीत आहे. पुढच्या बाजूला दव असेल तर खोलीतल्या हवेत आहे. आमच्या उत्तरेच्या खोलीत मागची बाजू ओलीचिंब निघाली. बाहेर जाऊन पाहिलं तर छज्ज्याच्या वर बोटभर पिंपळ उगवला होता. पिंपळाला भेग सापडली होती, पावसालाही तीच.

तिसरी पायरी: पाणी थांबवा. बाहेरची भेग, गच्चीचा कोबा, पाइपचा सांधा ही कामं उघडीप असताना, शक्यतो मार्च ते मेमध्ये करून घ्या. भर पावसात आतून वॉटरप्रूफिंगचा रंग मारून देणारे भेटतात. पाणी भिंतीतच कोंडतं आणि पलीकडून फुटतं.

आतल्या वाफेला पैसे लागत नाहीत, सवयी लागतात. मशीनमधून पिळून निघालेल्या एका वेळच्या कपड्यांत दोनेक लिटर पाणी असतं. ते बेडरूममध्ये दोरीवर वाळत घातले की ते पाणी हवेत आणि मग थंड भिंतीवर. कपडे एकाच खोलीत वाळवा, पंखा चालू, खिडकी उघडी, दार बंद. कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. अंघोळीनंतर बाथरूमचा पंखा अर्धा तास चालू द्या. शे-दोनशे रुपयांत आर्द्रता मोजणारं छोटं यंत्र मिळतं. खोलीत आकडा साठच्या खाली ठेवता आला तर बुरशी धरत नाही. जुलैत मुंबई-कोकणात ते निव्वळ खिडकी उघडून जमत नाही, बाहेरचीच हवा नव्वदला असते. तिथे एसीचा ड्राय मोड किंवा डीह्युमिडिफायर हाच मार्ग. दोन्ही नसतील तर निदान पंखा बंद करू नका.

चौथी पायरी: साफ करणं. घरातल्या लहान मुलांना, म्हाताऱ्या माणसांना आणि दमेकऱ्यांना दुसऱ्या खोलीत पाठवा. कोविडच्या वेळचे एन-९५ मास्क कपाटात पडलेले असतील, ते आता कामाला येतील. हातमोजे आणि चष्मा घाला. खिडकी उघडा, घराकडचं दार बंद करा, पंखा बंद. कोरडी बुरशी झाडूने किंवा ब्रशने झटकायची नाही, नाहीतर अख्ख्या घरात बी पेरल्यासारखं होतं. ओल्या फडक्याने, साबणाच्या पाण्याने पुसा. फडकं धुवत बसू नका, पिशवीत बांधून टाकून द्या.

फरशी, टाइल्स, काच यांवर साबणाने भागलं नाही तर ब्लीच: एक वाटी द्रव ब्लीचला पंधरा-सोळा वाट्या पाणी, दहा मिनिटं ठेवून धुवा. ब्लीचमध्ये दुसरं काहीही मिसळायचं नाही. संडास साफ करायच्या लिक्विडमध्ये ॲसिड असतं. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेततो. व्हिनेगरही त्यात नको. प्लास्टरवर ब्लीचचा उपयोग कमी. डाग पांढरा होतो, खोलवर गेलेली बुरशी तशीच राहते. तिथे फुगलेला रंग आणि पुट्टी ओली करून खरवडून काढा, टणक प्लास्टर लागेपर्यंत.

पलंगाएवढ्या जागेपेक्षा जास्त बुरशी असेल, किंवा छताचा गिलावा मऊ लागत असेल, तर स्वतः करत बसू नका, माणूस बोलवा.

वस्तूंचं थोडक्यात. चामड्याच्या चपला, पट्टे, पर्स साबणाच्या ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवा. उन्हात ठेवलं तर चामडं तडकतं. कपाटाची मागची प्लायवूडची फळी बोटाने दाबली तर दबत असेल तर ती गेली. कापसाची गादी आतपर्यंत कुबट असेल तर तिचा मोह सोडा. डांबराच्या गोळ्या आणि कापूर किड्यांसाठी आहेत, ओल शोषत नाहीत. ओल शोषायला कॅल्शियम क्लोराइडच्या पिशव्या मिळतात, त्यात साठलेलं पाणी साडीवर सांडणार नाही अशा टांगा. पैठणी मलमलच्या कापडात ठेवा आणि उघडीप मिळाली की घडी बदला. आणि डब्यातल्या शेंगदाण्यांना बुरा दिसला किंवा कुबट वास आला तर भाजून वापरायचा विचार करू नका. त्यातलं विष भाजण्याने पूर्ण जात नाही, सरळ टाका.

गावचं घर पावसाळाभर बंद राहतं त्यांचा प्रश्न वेगळा. मुंबईहून गणपतीला जाऊन कुलूप काढलं की दारातच तो वास येतो, देव्हाऱ्यावर पांढरी साय, उशांवर ठिपके. जूनमध्ये निघताना गाद्या उभ्या करून ठेवा, कपाटांची दारं उघडी ठेवा, वरच्या झरोक्यांना जाळी लावून ते मोकळे सोडा. पावसाच्या बाजूच्या भिंतीला झाप किंवा ताडपत्री बांधून घ्या. शेजारच्यांकडे किल्ली देऊन आठवड्यातून एकदा, उघडीप असेल त्या दुपारी, दारंखिडक्या दोन तास उघडायला सांगा. त्यांना मुंबईहून येताना काहीतरी न्यायला विसरू नका. पाखाडीवरच्या, म्हणजे दगडी पायवाटेवरच्या, शेवाळावर ब्लीचिंग पावडर टाकून खराट्याने घासलंत तर आल्या दिवशी कुणी पडणार नाही.

राहिला रंग. आपल्याकडे रंग दिवाळीच्या आधीच व्हायला हवा असतो. मीही पहिल्या वर्षी घाई केली. रंगाऱ्याने ऑक्टोबरमध्ये पुट्टी भरून झकास फिकट निळा मारून दिला, लक्ष्मीपूजनाला भिंत चकचकीत, आणि पुढच्या श्रावणात हाताएवढे पोपडे माझ्या उशीवर. पावसाळ्यात पाणी प्यायलेली भिंत ऑक्टोबरच्या उन्हात वरून कोरडी दिसते, आतून नसते. दिवाळीला त्या भिंतीपुढे पडदा लावा किंवा नुसता चुना मारून घ्या. चुन्यातून भिंत श्वास घेते आणि बुरशीलाही तो मानवत नाही. मग फेब्रुवारीत पुन्हा फॉईलचा तुकडा लावा. दोन दिवसांनी मागची बाजू कोरडी ठणठणीत निघाली, की रंगाऱ्याला फोन करा.